अणूंचे पारखी : डॉ. होमी भाभा

विद्यार्थी मित्रांनो, अहमदनगरचा भुईकोट किल्ला तुम्ही पाहिला आहे का? पाहिला नसेल, तरी त्याचे नाव नक्की ऐकले असेल. आज या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. शूर चांदबिबीने मोगलांच्या सैन्यापासून ज्या किल्ल्याचे रक्षण केले, तोच हा किल्ला. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्रज सरकारने काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना मुंबईत पकडले आणि या किल्ल्यात आणून कोंडले. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू होते, सरदार वल्लभभाई पटेल होते आणि मौलाना अबुल कलाम आझादही होते. मौलाना आझादांनी इथेच पत्रे लिहिली. ती पुढे गुबारे खातिर या नावाने प्रसिद्ध झाली. या पुस्तकाचे नाव तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकले असेल. पंडित नेहरूंनीही १९४४ साली याच किल्ल्यात भारताच्या इतिहासावरचे आपले मोठे पुस्तक लिहिले.

देश अजून स्वतंत्र झाला नव्हता. नेते तुरुंगात होते. तरी उद्याचा भारत कसा असावा, याचा विचार तुरुंगाच्या भिंतींआड चालू होता.

त्याच वर्षी, १९४४ च्या मार्च महिन्यात, दूर बंगळूर शहरात एक चौतीस वर्षांचा शास्त्रज्ञही असाच विचार करत होता. त्याने टाटांच्या विश्वस्त संस्थेला एक पत्र लिहिले. आपल्या देशात भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी एक उत्तम संस्था हवी, अशी त्याची मागणी होती. त्याचे कारणही त्याने दिले होते. काही वर्षांनी अणूच्या शक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल. त्या वेळी आपल्याला परदेशांतून तज्ज्ञ बोलवावे लागू नयेत. ते इथेच तयार असावेत.

हे पत्र लिहिले, तेव्हा जगातील बहुतेक लोकांनी अणुशक्ती हा शब्दही ऐकला नव्हता. हिरोशिमावर अणुबाँब पडायला अजून सतरा महिने अवकाश होता. त्या शास्त्रज्ञाचे नाव होते डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमी यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर भाभा हे वकील होते. आईचे नाव मेहेरबाई. होमींची आत्या सर दोराबजी टाटा यांची पत्नी होती. त्यामुळे टाटांच्या घरी होमींचे जाणे-येणे असे. पोलादाचा कारखाना कसा उभा करायचा, वीज कशी निर्माण करायची, अशा गोष्टी तिथे बोलल्या जात. लहानगा होमी त्या कान देऊन ऐकत असे.

घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता. उत्तम संगीताच्या तबकड्या होत्या. होमी चित्रे काढायला शिकला, संगीत ऐकायला शिकला. विज्ञानाची पुस्तके तर तो आवडीने वाचत असे. त्याचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत झाले. नंतर एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून १९२७ साली तो इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेला.

वडिलांची इच्छा होती, की मुलाने इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर काम करावे. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमू लागले होते. त्यांनी वडिलांना तसे स्पष्टपणे पत्राने कळवले. वडील रागावले नाहीत. त्यांनी एकच अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो. मग तुझ्या आवडीच्या विषयाचा खर्च मी करीन. होमींनी १९३० साली ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. वडिलांनीही आपला शब्द पाळला.

मित्रांनो, भाभा केंब्रिजला होते, तो काळ विज्ञानाच्या इतिहासात फार महत्त्वाचा होता. १९३२ साली केंब्रिजच्याच प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन या कणाचा शोध लावला. या एका कणामुळे पुढे जगाचा इतिहास बदलला. कसा, ते आपण पाहू.

जगातील प्रत्येक पदार्थ अतिशय सूक्ष्म अणूंचा बनलेला आहे. अणूला उर्दूत जौहर असाही एक शब्द आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. अणूच्या मध्यभागी एक केंद्रक असते. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे कण असतात. प्रोटॉनांच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरते. ९० प्रोटॉन असतील, तर तो अणू थोरियमचा. ९२ असतील, तर युरेनियमचा. न्यूट्रॉनांची संख्या मात्र कमीजास्त असू शकते. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. एकाच घरातल्या भावांचे आडनाव एकच असते, पण वजन वेगवेगळे असते, तसेच हे आहे. युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८ हे असेच दोन भाऊ.

काही समस्थानिके स्थिर नसतात. ती आपोआप किरण बाहेर टाकतात आणि दुसऱ्याच पदार्थात बदलतात. त्यांना किरणोत्सारी समस्थानिके म्हणतात. युरेनियम आणि थोरियम ही जड मूलद्रव्ये अशीच आहेत.

आता न्यूट्रॉनाकडे वळू. न्यूट्रॉनावर विजेचा भार नसतो. त्यामुळे त्याला कोणी अडवत नाही आणि तो सहज केंद्रकात शिरतो. केंद्रकात शिरला, की अणूचे वजन एकने वाढते. म्हणजे न्यूट्रॉनांचा मारा केला, तर निसर्गात न सापडणारे नवे अणू माणसाला तयार करता येतात. इटलीचे शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९३४ साली रोम येथे हे प्रयोग सुरू केले. भाभांनीही आपल्या विद्यार्थिदशेत काही काळ फर्मींजवळ काम केले होते.

पण नवा अणू तयार करणे एक, आणि तो ओळखणे दुसरे. हे नवे अणू इतके थोडे असत, की ते डोळ्यांना दिसत नसत आणि तराजूत घालून मोजताही येत नसत. मग ते ओळखायचे कसे?

त्यासाठी शास्त्रज्ञ दोन-तीन खुणा पाहतात. पहिली खूण म्हणजे रासायनिक गुणधर्म. हा पदार्थ कोणत्या मूलद्रव्याबरोबर विरघळतो आणि कोणाबरोबर गाळात खाली बसतो, ते पाहायचे. दुसरी खूण म्हणजे अर्धायुष्य. किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू बदलून जायला जो वेळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. समजा, एका पदार्थाचे ८०० अणू आहेत आणि त्याचे अर्धायुष्य २२ मिनिटे आहे. तर २२ मिनिटांनी सुमारे ४०० अणू उरतील, ४४ मिनिटांनी २०० आणि ६६ मिनिटांनी १००. प्रत्येक समस्थानिकाचे अर्धायुष्य ठरलेले असते. तापवले, गोठवले, कुटले, तरी ते बदलत नाही. तिसरी खूण म्हणजे बाहेर पडणाऱ्या किरणांची शक्ती. या सर्व खुणा जुळल्या, तरच पदार्थाचे नाव सांगायचे असते.

ही पारख किती अवघड आहे, हे पुढील गोष्टीवरून कळेल. युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर फर्मींना नवे किरणोत्सारी पदार्थ मिळाले. आपल्याला युरेनियमपेक्षाही जड मूलद्रव्ये मिळाली, असे त्यांना वाटले. जगातील बहुतेक शास्त्रज्ञांनीही ते मान्य केले. १९३८ च्या डिसेंबरमध्ये फर्मींना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच महिन्यात बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी अशाच पदार्थांची पुन्हा काळजीपूर्वक रासायनिक तपासणी केली. पाहतात तो काय, त्यांत बेरियम निघाले! बेरियमचे वजन युरेनियमच्या निम्म्याहून थोडेच जास्त असते. मग ते आले कुठून? हान यांच्या सहकारी लिझे माइट्नर ज्यू असल्यामुळे त्यांना काही महिन्यांपूर्वीच जर्मनी सोडून पळून जावे लागले होते. त्यांनी आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये या कोड्याचे उत्तर शोधले. युरेनियमचा अणू न्यूट्रॉनामुळे चक्क फुटत होता आणि त्यातून प्रचंड शक्ती बाहेर पडत होती.

पाहा, चार वर्षे मोठमोठे शास्त्रज्ञ एका पदार्थाला दुसऱ्याच नावाने ओळखत होते. पण पुन्हा तपासण्याची तयारी ठेवली, म्हणून खरे उत्तर हाती आले आणि अणुशक्तीचे दार उघडले. युरेनियमपेक्षा जड मूलद्रव्ये पुढे १९४० आणि १९४१ साली अमेरिकेत खरोखरच तयार झाली. नेपच्युनियम आणि प्लुटोनियम ही ती मूलद्रव्ये होत.

डॉ. भाभा या काळात विश्वकिरणांवर संशोधन करत होते. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे किरण. या किरणांमुळे हवेत कणांची जणू सर कोसळते. ती कशी, हे भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली गणिताने दाखवून दिले. त्यामुळे भाभांचे नाव सर्व जगात झाले. १९३९ साली ते सुटीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परत जाणे कठीण झाले. तेव्हा ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. सर चंद्रशेखर व्यंकट रामन तिथे होते. १९४१ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपल्यावर केंब्रिजला किंवा युरोपातील दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात त्यांना मानाची जागा सहज मिळाली असती. पण आपल्या देशात राहून काम करायचे, असे त्यांनी ठरवले. टाटांच्या संस्थेने त्यांची मागणी मान्य केली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आरंभी ती बंगळूरला होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मुंबईच्या पेडर रोडवरील एका बंगल्यात आली.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. अहमदनगरच्या किल्ल्यात कैदी असलेले नेहरू आता पंतप्रधान होते आणि मौलाना आझाद शिक्षणमंत्री होते. नेहरू आणि भाभा यांची चांगली मैत्री होती. १९४८ च्या ऑगस्टमध्ये अणुशक्ती आयोग स्थापन झाला. डॉ. भाभा त्याचे अध्यक्ष झाले.

आता भाभांपुढे खरा प्रश्न उभा राहिला. अणुशक्तीसाठी युरेनियम लागते. आपल्या देशात ते फार थोडे आहे. शिवाय निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमच्या १००० अणूंपैकी सुमारे ७ अणूच सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चे असतात. मग एवढ्या मोठ्या देशाला वीज कशी पुरवायची? दर वेळी परदेशांपुढे हात पसरायचा का?

पण आपल्याकडे दुसरी एक संपत्ती होती. केरळ आणि तमिळनाडूच्या समुद्रकिनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज आहे. त्यात थोरियम असते. थोरियमचे आपले साठे जगातील मोठ्या साठ्यांपैकी आहेत. अडचण एकच होती. थोरियम स्वतः युरेनियम-२३५ सारखे सहज फुटत नाही. त्यापासून थेट वीज मिळत नाही.

इथे नवी समस्थानिके तयार करण्याची विद्या कामास येते. थोरियम-२३२ च्या केंद्रकात एक न्यूट्रॉन शिरला, की थोरियम-२३३ तयार होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ मिनिटे. त्याचे प्रोटॅक्टिनियम-२३३ होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २७ दिवस. आणि त्याचे शेवटी युरेनियम-२३३ होते. हे युरेनियम निसर्गात मिळत नाही, पण ते सहज फुटते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १ लाख ६० हजार वर्षे असल्यामुळे ते साठवूनही ठेवता येते. म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूतून अणुभट्टीचे इंधन!

याच रीतीने युरेनियम-२३८ पासून प्लुटोनियम-२३९ मिळते. आधी युरेनियम-२३९ तयार होते. ते मिनिटांत बदलून नेपच्युनियम-२३९ होते. नेपच्युनियमचे अर्धायुष्य दोन दिवसांहून थोडे जास्त असते. त्याचे मग प्लुटोनियम होते.

या विचारातून भाभांनी १९५४ साली तीन टप्प्यांची योजना देशापुढे मांडली. पहिल्या टप्प्यात आपल्याजवळचे थोडे युरेनियम वापरायचे, वीज मिळवायची आणि प्लुटोनियम तयार करायचे. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम वापरून आणखी इंधन आणि थोरियमपासून युरेनियम-२३३ तयार करायचे. तिसऱ्या टप्प्यात थोरियम आणि युरेनियम-२३३ यांच्या बळावर देशाला दीर्घकाळ वीज पुरवायची. शेतकरी आधी थोडे बियाणे पेरतो, त्यातून बियाणे वाढवतो आणि मग सगळे शेत पेरतो. ही योजनाही तशीच होती.

योजना कागदावर मांडणे सोपे असते. ती अमलात आणायला प्रयोगशाळा हव्यात, यंत्रे हवीत आणि सर्वांत आधी माणसे हवीत. मुंबईच्या पूर्वेला, टेकडी आणि समुद्र यांच्यामध्ये, ट्रॉम्बे येथे भाभांनी अणुशक्ती केंद्र उभारायला घेतले. १९५५ साली तिथे थोरियम शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेची पहिली अणुभट्टी सुरू झाली. रशिया सोडला, तर आशिया खंडातील ती पहिली अणुभट्टी. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते, पण ती भारतीय शास्त्रज्ञांनी आणि इंजिनिअरांनी बांधली होती. तिच्या हौदातील पाण्यात सुंदर निळा प्रकाश दिसे. नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले.

१९५९ च्या जानेवारीत ट्रॉम्बेला शुद्ध युरेनियम धातूची पहिली लगड तयार झाली. १९६० साली कॅनडाच्या मदतीने बांधलेली सायरस ही मोठी अणुभट्टी सुरू झाली. अप्सरा आणि सायरस या भट्ट्यांत किरणोत्सारी समस्थानिके तयार होऊ लागली. ती रुग्णालयांना, कारखान्यांना आणि शेतीच्या संशोधनाला मिळू लागली. १९६२ साली मुंबईचे टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे रुग्णालय अणुशक्ती विभागाकडे आले. मुलांनो, तुमच्या गावातील एखादा रुग्ण उपचारासाठी तिथे गेला असेल. कर्करोगाच्या गाठीवर सोडायचे किरण कोबाल्ट-६० या समस्थानिकातून मिळत. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या विकारात आयोडीन-१३१ उपयोगी पडते.

सायरसमध्ये वापरलेल्या युरेनियमच्या कांड्यांत थोडेसे प्लुटोनियम तयार होई. ते वेगळे काढणे हे फार जोखमीचे काम. या कांड्यांतून इतके तीव्र किरण निघतात, की माणसाने त्यांच्या जवळही जाऊ नये. जाड काँक्रीटच्या भिंतींआड, दुरून चालणाऱ्या यंत्रांनी त्या आम्लात विरघळवायच्या, मग रासायनिक रीतीने युरेनियम एकीकडे, प्लुटोनियम दुसरीकडे करायचे आणि प्रत्येक पायरीवर ते तपासून पाहायचे. होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली हा कारखाना १९६४ साली चालू झाला. १९६५ च्या जानेवारीत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या काळी ही विद्या जगातील मोजक्या देशांनाच अवगत होती.

पण प्लुटोनियमला दोन वाटा असतात. त्यापासून वीज मिळते, तसा बाँबही होतो. १९५५ साली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततेसाठी होणाऱ्या उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिचे अध्यक्ष भाभाच होते. अणूची शक्ती माणसाच्या भल्यासाठी वापरता येते, हे त्यांनी जगाला पटवून दिले. पण आपल्या देशाजवळ ही सारी विद्या पूर्णपणे असावी, असेही त्यांचे मत होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७४ साली, भारताने पोखरण येथे अणुस्फोटाची चाचणी केली. तिच्यासाठी सायरसमधले प्लुटोनियम वापरले होते. त्यामुळे कॅनडाने आपली मदत थांबवली. असे प्रसंग या शक्तीबरोबर येतातच. हातात मोठी शक्ती आली, की ती कोणत्या वाटेने न्यायची, हे पदार्थ सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

जिनिव्हाच्या त्या परिषदेत भाभांनी एक भाकीतही केले होते. सूर्यात ज्या रीतीने ऊर्जा तयार होते, ती रीत माणसाला वीस वर्षांत साधेल, असे त्यांना वाटत होते. सत्तर वर्षे झाली, तरी त्या रीतीने वीज देणारे केंद्र जगात कुठेही उभे राहिलेले नाही. मोठ्या माणसाचाही अंदाज चुकू शकतो. म्हणूनच विज्ञानात शेवटचा शब्द प्रयोगाचा असतो.

डॉ. भाभा नुसते शास्त्रज्ञ नव्हते. ते उत्तम चित्रे काढत. संगीतावर त्यांचे मनापासून प्रेम होते. कुलाब्याला टाटा संस्थेची नवी इमारत बांधली, तेव्हा तिथे त्यांनी भारतीय चित्रकारांची चित्रे लावली. प्रसिद्ध चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचे भिंतभर मोठे चित्र आजही त्या इमारतीत आहे. झाडांवर त्यांचा फार जीव होता. बांधकामाच्या आड एखादे मोठे झाड आले, तर ते तोडण्याऐवजी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावायला ते सांगत.

माणसांची पारखही त्यांना होती. गुणी तरुण दिसला, की ते त्याला संस्थेत घेत, काम देत आणि त्याच्यावर विश्वास टाकत. १९५७ साली ट्रॉम्बेला त्यांनी तरुणांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. देशाच्या सर्व भागांतून आणि सर्व धर्मांतून आलेले तरुण तिथे एकत्र शिकू लागले. १९४४ च्या पत्रातले स्वप्न असे खरे होऊ लागले. तज्ज्ञ आता देशातच तयार होत होते.

२४ जानेवारी १९६६ रोजी डॉ. भाभा एका बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. त्यांचे एअर इंडियाचे विमान युरोपातील माँ ब्लाँ या बर्फाच्छादित पर्वतावर कोसळले. विमानातील सर्व ११७ माणसे मरण पावली. भाभा तेव्हा फक्त छप्पन्न वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

भाभांनी लावलेले झाड त्यांच्यामागेही वाढत राहिले. १९६९ साली महाराष्ट्रातच, तारापूर येथे, देशाचे पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. १९७० साली ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी सायरसमध्ये ठेवलेल्या थोरियममधून युरेनियम-२३३ वेगळे काढले. ज्या पदार्थावर भाभांची सारी योजना उभी होती, तो पदार्थ त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी त्यांच्या माणसांच्या हाती आला. १९९६ साली तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी ही छोटी अणुभट्टी सुरू झाली. योजनेचा तिसरा टप्पा मात्र अजून दूर आहे. त्याचे काम आजच्या आणि उद्याच्या शास्त्रज्ञांना करायचे आहे.

मित्रांनो, अहिल्यानगर जिल्ह्यात कांद्याचे पीक खूप होते. कांदा साठवला, की त्याला कोंब फुटतात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे भाभा केंद्राने २००२ साली एक केंद्र उभारले. तिथे कोबाल्ट-६० मधून निघणारे किरण कांद्यावर सोडतात. त्यामुळे कांद्याला कोंब फुटत नाहीत. त्या किरणांनी कांदा किरणोत्सारी होत नाही. ट्रॉम्बेत शिकलेली विद्या अशी शेतकऱ्यापर्यंत पोहोचली.

कधी अहमदनगरच्या किल्ल्यापाशी गेलात, तर १९४४ हे वर्ष जरूर आठवा. किल्ल्यात कैदेत बसलेले लोक आणि बंगळूरला प्रयोगशाळेत बसलेला तो शास्त्रज्ञ एकमेकांपासून दूर होते. पण दोघांचेही लक्ष उद्याच्या भारताकडे होते. आज तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या परीक्षानळीत एखादा पदार्थ खाली बसेल. त्याचे नाव पुस्तकात आधीच पाहून ठेवू नका. आधी त्याचा रंग पाहा, त्याच्या खुणा तपासा, चूक वाटली तर पुन्हा तपासा आणि मगच वहीत त्याचे नाव लिहा.

शब्दार्थ

पारखी – गुणदोष ओळखणारा
भुईकोट – सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला
विश्वस्त संस्था – लोकहितासाठी ठेवलेला पैसा सांभाळणारी संस्था
हुद्दा – नोकरीतील पद
लगड – धातूचा ओतीव तुकडा
जोखमीचे – धोक्याचे
अवगत – माहीत असलेले
भाकीत – पुढे काय होईल याविषयी आधी सांगितलेली गोष्ट

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मौलाना आझादांनी कोणत्या किल्ल्यात पत्रे लिहिली?
(आ) होमींच्या वडिलांनी कोणती अट घातली?
(इ) ट्रॉम्बेच्या पहिल्या अणुभट्टीला कोणते नाव देण्यात आले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नवा किरणोत्सारी पदार्थ ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ कोणत्या खुणा पाहतात?
(आ) थोरियमपासून युरेनियम-२३३ कसे तयार होते?
(इ) प्लुटोनियमला दोन वाटा असतात, असे लेखात का म्हटले आहे?

३. एका पदार्थाचे अर्धायुष्य २७ दिवस आहे. आज त्याचे १६०० अणू आहेत. ८१ दिवसांनी सुमारे किती उरतील?

४. पुढील शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा : शक्ती, प्रयोगशाळा, किल्ला, स्वतंत्र, रुग्णालय.